आर्चबिशप कोन्राडाप्पा

कोन्राड आमच्या चाळीत आला तो फेब्रुवारीतल्या एका दुपारी, आणि तोही चिमी झोपेना म्हणून.

चिमी माझी मुलगी. तेव्हा चार महिन्यांची. तोंडात दात एक नाही, पण आईखेरीज कुणाच्या हातून दुधाचा थेंब घ्यायचा नाही हा बाणा मात्र पक्का. माझ्या आईनं एकदा बोंडल्यानं दूध पाजून पाहिलं, तर चिमीनं ते आईच्या चष्म्यावर उडवलं. त्यानंतर घरात बोंडल्याचं नाव निघालं नाही. तिला पाळण्यात घालायची, एका हातानं दोरी ओढायची आणि दुसऱ्या हातात वही धरायची, असा माझा अभ्यास चालायचा.

बी.ए.चा एकच पेपर राहिला होता, मध्ययुगीन युरोपचा इतिहास. पहिल्या खेपेला तो ओकाऱ्यांनी बुडवला. दुसऱ्या खेपेला खुद्द चिमीनं. पेपर अकराला होता आणि बाईसाहेब सकाळी आठला जन्मल्या. आता चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात तिसरी खेप, आणि शेवटची. जुना अभ्यासक्रम त्यानंतर बंद होणार होता. हुकलं तर सगळे पेपर पहिल्यापासून. म्हणजे चिमीचं लग्न आणि माझी बी.ए. एकाच मांडवात.

वही मैत्रिणीची, आमच्या सरांनी सांगितलेल्या टिपणांची. सरांचा ह्या कोन्राडवर फार जीव. सगळा युरोप त्यांनी चाळीस पानांत उरकला होता आणि एकट्या कोन्राडला तीस दिली होती. दरवर्षी पेपरात तो येतोच, असं मैत्रीण म्हणाली होती. मनात वाचलं की मला झोप लागायची, म्हणून मी मोठ्यानं वाचायची.

आमचं दार ओट्यावर उघडतं. ओट्यावर दिवसभर तिघी विड्या वळत बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात कापलेली पानं. मुक्ताबाई मूळची वेळापूरची, वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठी. बसम्मा अक्कलकोटच्या पलीकडची, बोलणं मोजकं, पण बोलली की हिशोब पुरा. आणि शमशाद, माझ्याहून लहान, हसरी, जिची विडी सगळ्यांत सुबक. तिघींचे हात एका लयीत चालत आणि कान रिकामे असत.

मी वाचत होते, "तेराव्या शतकात राइन नदीच्या काठी हेल्डरश्टाइन नावाचे एक सरदार घराणे होते. सरदारास तीन पुत्र. त्यांपैकी धाकटा कोन्राड."

"धाकटा व्हय?" ओट्यावरून मुक्ताबाई म्हणाली. "म्हंजे वाटणीत मागं पडला असंल की."

मी पुढची ओळ बघितली आणि मला हसू आलं. "किल्ला व जमीन थोरल्याकडे गेली. मधल्यास घोडे मिळाले. कोन्राडला काहीही मिळाले नाही."

"म्हनलं न्हवं!" मुक्ताबाईनं हातातली विडी सुपात टाकली. "तिकडंबी हेच! वच्छे, वाच फुडं."

वच्छी म्हणजे मी, वत्सला. मी पुढं वाचलं. पण थोरल्या भावाशी पुलावरून भांडण निघतंय न निघतंय तोच चिमी उठली आणि टाहो फोडला. वही मिटली.

"आगं, पुलाचं काय झालं?"

"उद्या."

"उद्या? लेकरू काय रोजच उठनार हाय!"

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईनं आपलं सूप आणि पानांची चवड घेऊन दाराशीच बैठक मारली, पाळण्याची दोरी ओढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याला बांधली. हात विड्या वळत होते, अंगठा पाळणा हलवत होता. "आता वाच. हिला मी बगते." चिमी दीड तास झोपली. त्या दीड तासात मी जेवढा अभ्यास केला तेवढा मागच्या दोन महिन्यांत केला नव्हता.

असा तो रोजचा शिरस्ता पडला. दुपारी दोन ते साडेतीन. मुक्ताबाईचा अंगठा दुखला की बसम्माचा, बसम्माचा दुखला की शमशादचा. चिमी सगळ्यांची वैरीण आणि सगळ्यांची लाडकी. कोन्राडचं लांबलचक आडनाव कुणालाच झेपलं नाही. बसम्मानं त्याला आप्पा जोडला आणि तो कोन्राडाप्पा झाला. आमच्याकडं बिरप्पा चालतो, तर कोन्राडाप्पा का चालू नये?

तर पुलाच्या त्या भांडणातून थोरल्या भावानं कोन्राडाप्पाला धरलं आणि किल्ल्याच्या बुरुजात दोन वर्षं कोंडलं.

"दोन वर्षं?" शमशादचे हात थांबले. "भाभी, खाने को कौन देता था?"

"वहीत नाही."

"नाही कसं?" बसम्मा म्हणाली. "दोन वर्षं माणूस उपाशी राहतो काय? सर लिहून घ्यायला विसरले असतील."

"भावजय हाय न्हवं?" मुक्ताबाईनं विचारलं.

भावजय होती. वहीत तिचं नाव मार्गारेट.

"हां, वो देती होगी, छुपाके," शमशाद म्हणाली. "खिडकीसे रस्सी छोडके."

"भावजय? आन् दिराला?" मुक्ताबाई ठसक्यात म्हणाली. "माज्या जल्मात म्या तसली भावजय बगितली न्हाय."

"तुमची बघितली, मार्गारेट कुठं बघितली तुम्ही?" मी म्हटलं.

असा वाद अर्धा तास चालला. शेवटी तोडगा निघाला. मार्गारेटनं भाकरी दिली, पण शिळी. जोंधळ्याची भाकरी आणि वर शेंगांची चटणी. चटणी शमशादनं घालायला लावली. नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणाली. मी म्हटलं, तिकडं शेंगा नव्हत्या. त्या तिघींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की, तू वाचायचं काम कर.

मग जरा वेळानं, कुणी विचारलं नसताना, बसम्मा म्हणाली, "उपाशीपणाचं काही नाही. पण बुरुजात त्याला आपल्या गावची घंटा ऐकू येत नसेल. तेच जास्त टोचत असेल."

बसम्मा अकराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली होती. तिनं पान उचललं, तंबाखू भरला, दोरा गुंडाळला.

मग बादशहानं कोन्राडाप्पाला सोडवलं, कारण बादशहाला लढणारी माणसं हवी होती. कोन्राडाप्पा लढला. त्याच्याखाली दोन घोडे पडले, मेले म्हणून नव्हे, वजनानं. आणि एवढ्यात गावचा म्हातारा आर्चबिशप वारला. आर्चबिशप म्हणजे काय, हे समजावण्यात एक दुपार गेली. सगळ्या पाद्र्यांवरचा मोठा पाद्री, त्याच्या हाताखाली गावं, किल्ले, फौज. "म्हंजे मठाधिपती आन् आमदार, दोनी येकच," मुक्ताबाईनं निकाल दिला, आणि मला ते सरांच्या व्याख्येपेक्षा चांगलं लक्षात राहिलं.

बारा पाद्र्यांनी मतं देऊन नवा आर्चबिशप निवडायचा. एकीकडं बादशहाचा माणूस कोन्राडाप्पा, दुसरीकडं पोपचा माणूस, कुणी एक सुकलेला विद्वान. मी वाचलं, "मतदान झाले. सहा मते कोन्राडला, सहा मते प्रतिपक्षास." आणि पान उलटलं.

पुढं पुठ्ठा होता.

"वाच की."

"वही संपली."

"संपली म्हंजे?"

"दुसरी वही मैत्रिणीकडं आहे. ती सोमवारी माहेराहून येईल."

त्या दुपारी ओट्यावर जे झालं त्याला दंगल म्हणावं लागेल. मुक्ताबाई म्हणाली, सहा-सहा मतांवर वही संपवणारा मास्तर माणूस न्हवं. शमशाद रडायचीच बाकी होती. गुरुवार होता. मधे तीन दिवस. शुक्रवारी मुक्ताबाई विडी कारखान्यात माल देऊन आली ती तडक सिद्धेश्वराला जाऊन आली.

"नवस बोलले," तिनं सांगितलं. "कोन्राडाप्पा निवडून आला तर त्येच्या वजनायवडा गूळ वाटीन."

मी कपाळाला हात लावला. "मावशी, तो मरून सातशे वर्षं झाली. जे व्हायचं ते होऊन गेलं."

"देवाला सातशे वर्सं म्हंजे काय गं? आपन च्या पिऊन येतो तेवडी." आणि वर म्हणाली, "तू वाचलंस का अजून? न्हाय न्हवं? मग व्हायचं हाय."

शमशादनंही दर्ग्यात जाऊन धागा बांधला होता. ते तिनं शनिवारी लाजत सांगितलं. बसम्मानं काही केलं नाही; ती म्हणाली, दोन देव कामाला लावलेत, तिसऱ्याची गर्दी नको.

सोमवारी दुसरी वही आली. मी ती घेऊन चाळीत शिरले तेव्हा तिघी विड्या सोडून उभ्या होत्या. मी उभ्यानंच वाचलं, "फेरमतदानाच्या दिवशी पावसामुळे प्रतिपक्षाच्या एका वृद्ध सभासदाचे खेचर चिखलात रुतले व तो पोहोचू शकला नाही. सहा विरुद्ध पाच मतांनी कोन्राड निवडून आला."

मुक्ताबाईनं तिथंच हात जोडले. "सिद्धेश्वरा! खेचर तूच आडवलंस रं बाबा!"

"वा, खाला," शमशाद म्हणाली, "धागा मैं बांधी, और खेचर तुम्हारे देवने रोका?"

इथं खरं भांडण पेटलं असतं. बसम्मानं सूप खाली ठेवलं. "खेचराला पाय किती?"

"च्यार."

"मग पुढचे दोन सिद्धेश्वरानं धरले, मागचे दोन दर्ग्यातल्या बाबांनी. वाच गं पुढं."

पुढं तर गंमतच होती. कोन्राडाप्पा साधा पाद्रीसुद्धा नव्हता. मग सोमवारी त्याची धर्मदीक्षा, मंगळवारी अजून एक, गुरुवारी तो पाद्री झाला आणि रविवारी आर्चबिशप. "सोमवारी सरदार, रविवारी जंगम!" बसम्मा हसता हसता भिंतीला टेकली. तिला एवढं हसताना मी प्रथम पाहिलं. आणि त्या रविवारी थोरला भाऊ आला, गुडघे टेकून त्यानं धाकट्याच्या हातातल्या अंगठीला ओठ लावले. ते वाचताना मी जरा अडखळले.

"म्हंजे पाया पडला," मुक्ताबाईनं सोपं केलं. "पडंना तर काय! आन् ती मार्गारेट?"

"तिचं काही दिलेलं नाही."

"ती बी पडली असंल. शिळी भाकर!"

पण नवस फेडायचा होता. आणि कोन्राडाप्पाचं वजन किती? "अंगाने धिप्पाड," वही म्हणत होती. वर चिलखत. चिलखत धरायचं का? मुक्ताबाईचं म्हणणं, नवस माणसाचा आहे, पत्र्याचा नाही. तरी दोन घोडे ज्याच्याखाली बसले, त्याच्या वजनाचा गूळ म्हणजे माळशिरसकडचं एक अख्खं गुऱ्हाळ. मुक्ताबाईचा चेहरा उतरला. देवाशी बोललेला शब्द मागं घेता येत नाही.

"गैरहजर माणसाचा नवस त्याच्या नावानं लेकरू फेडतं," बसम्मा म्हणाली. "आमच्या गावाला असंच करतात."

तिघींनी पाळण्याकडं बघितलं. पाळण्यात जर्मनीचा आर्चबिशप मुठीतला पायाचा अंगठा चोखत पडला होता.

किराणा दुकानातून तराजू मागून आणला. देवळात चिमीला झबलं-टोपडं घालून एका पारड्यात बसवली, दुसऱ्यात गुळाचे खडे. पुजाऱ्यानं विचारलं, "नवस कुणाचा?"

"कोन्राडाप्पाचा," मुक्ताबाई ठणकावून म्हणाली.

"ही पोर कोण?"

"त्येच्या जागी."

"आणि ते कुठं आहेत?"

"वारलं."

"अरेरे. कधी?"

मुक्ताबाईनं माझ्याकडं बघितलं. मी तराजूकडं बघत होते. "लई दिस झालं," ती म्हणाली.

पुजाऱ्यानं पुढं विचारलं नाही. साडेपाच किलो गूळ निघाला. शमशादनं त्यातला अर्धा दर्ग्यात नेऊन वाटला, कारण मागचे दोन पाय तिकडचे. हे गिरणीतून आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच त्यांच्या हातावर गूळ ठेवला गेला. घरात येऊन ते मला म्हणाले, "आपल्याकडं कोण निवडून आलं म्हणे?" मी सगळं सांगितलं. त्यांनी गूळ तोंडात टाकला, चिमीला उचललं आणि तिच्या मुठीला ओठ लावून म्हणाले, "बिशपसाहेब, नमस्कार." तेव्हापासून चाळीत चिमीचं नाव बिशप पडलं. बिशप उठली का, बिशपला न्हाऊ घातलं का, बिशपनं दुपटं ओलं केलं.

एप्रिलचा शेवट आला. सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. पेपर मंगळवारी, अकरा ते दोन. ह्यांनी रजा मागितली होती, ती आदल्या संध्याकाळी नाकारली गेली. खात्यात माणसं कमी होती. आई माहेरी आजारी. आणि चिमी साडेसहा महिन्यांची होऊनही बाणा सोडायला तयार नाही. तीन तास. ती दीड तासाच्या वर कधी राहिली नव्हती.

मी रात्रीची भाकरी थापता थापता रडत होते. मुक्ताबाई दारात येऊन उभी राहिली.

"रडाया काय झालं? आमी हाओत की."

"ती राहणार नाही, मावशी."

"न्हाय राहिली तर बगू. तुजा पेपर बुडाला तर कोन्राडाप्पा वाया जाईल, ते चालंल व्हय?"

तिघींनी दोन दिवसांचा माल आधीच वळून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. सकाळी टांगा केला. एकीनं यायचं ठरलं होतं, पण कुणी यायचं ह्यावर एकमत होईना, म्हणून तिघीही आल्या. कॉलेजच्या आवारात, आमच्या वर्गाच्या खिडकीखाली कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी त्यांनी सतरंजी टाकली. मी शेवटच्या घंटेपर्यंत चिमीला पाजलं, तिला शमशादच्या मांडीवर झोपवलं आणि पळत वर गेले.

प्रश्नपत्रिका हातात आली. दुसरा प्रश्न: "आर्चबिशप कोन्राड याच्या जीवनाच्या आधारे धर्मसत्ता व राजसत्ता यांचे परस्परसंबंध स्पष्ट करा." मला बाकावर उभं राहून ओरडावंसं वाटलं. मी पेनाचं टोपण काढलं आणि सुटले.

पण दुसऱ्याच पानावर गाडी अडकली. बुरुज आला. मी लिहून गेले, "तेथे त्याला जोंधळ्या", आणि हात थांबला. खोडलं. माझ्या डोक्यात दोन कोन्राड होते, एक वहीतला आणि एक ओट्यावरचा, आणि दोघंही एकाच घोड्यावर बसले होते. मार्गारेट कुणाची? असलं नाव ओट्यावर कुणाला सुचणार नाही. म्हणजे वहीतली. खेचर? वहीतलं. खेचराचे पाय? ते नकोत. गुडघे टेकून अंगठी? वहीतली. असा एकेक दाणा निवडत मी चालले, जसे तांदूळ निवडतात. तांदूळ निवडताना एखादा खडा हाताला लागूनही राहून जातो, तसं एक वाक्य राहून गेलं. ते मला कळलं, आणि मी ते काढलं नाही. पुढच्या पानांवर गेले.

बाराच्या सुमाराला चिमी रडली.

आधी कुरकुर, मग हंबरडा. माझं पोलकं ओलं झालं. मी पदर ओढून घेतला आणि उठून उभी राहिले. पर्यवेक्षक पुढं आले. उंच, पांढरा शर्ट, नाकावर चष्मा.

"काय हवंय?"

"बाहेर जायचंय. माझं बाळ..."

"जा. पण परत आत येता येणार नाही. पेपर इथं संपला असं समजा."

मी बाकाची कड धरून उभी. जुना अभ्यासक्रम, तिसरी खेप, आणि खाली ती रडतेय. एक पाऊल मी दाराकडं टाकलंसुद्धा. तेवढ्यात खिडकीतून मुक्ताबाईचा आवाज वर आला.

"ए बिशप! गप. ऐक. येक हुता सरदार. त्येला तीन लेकं."

रडणं अर्ध्यावर तुटलं. पाळण्यात दोन महिने रोज दुपारी जे कानावर पडलं होतं, ते चिमीनं ओळखलं. एक हुंदका, आणि मग "अं?" असा प्रश्न.

"थोरल्याला किल्ला दिला. मधल्याला घोडी दिली. आन् कोन्राडाप्पाला? काय न्हाय!"

मी बसले आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. पण आता सगळा वर्ग कान टवकारून बसला होता. सगळ्यांच्या समोर तोच दुसरा प्रश्न. माझ्या पुढच्या बाकावरचा टक्कल पडलेला गृहस्थ, कुठल्याशा कचेरीतला कारकून असावा, इतका वेळ कोरं पान घेऊन बसला होता. तो खाली मान घालून भराभरा लिहू लागला. डावीकडची बाई खिडकीकडं कलली. पर्यवेक्षकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. ते ताडताड खिडकीशी गेले.

"ओ बाई! काय चाललंय? उत्तरं सांगताय?"

"उत्तरं कसली ओ? लेकराला गोष्ट सांगतीय."

"बंद करा आधी!"

मुक्ताबाई गप्प झाली. मग चिमीनं असा सूर लावला की पंख्याचा आवाज ऐकू येईना. लोकांनी कानात बोटं घातली. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, सांगू द्या त्यांना." दुसरं कुणी म्हणालं, "सर, डोकं फुटेल."

पर्यवेक्षकांनी खिडकीतून पुन्हा डोकं काढलं. "बरं, सांगा. पण हळू."

मुक्ताबाईचा हळू आवाज म्हणजे आमच्या गल्लीत सकाळी गवळ्याला थांबवायचा आवाज. गोष्ट पुढं सुरू झाली. पर्यवेक्षक वळले.

"मूल कुणाचं?"

मी उभी राहिले. "माझं."

"म्हणजे ही तुमची माणसं." त्यांनी माझी उत्तरपत्रिका उचलली. "हा प्रकार मला वर कळवावा लागेल. तुम्हाला समजतंय ना?"

मला समजत होतं. ते उभ्याउभ्या वाचू लागले, एक कान खिडकीकडं ठेवून. खाली मुक्ताबाई सांगत होती, "मग भावजयीनं दोरीला भाकर बांदली, वर चटनी," आणि त्यांच्या डोळ्यांपुढं माझं वाक्य होतं, "भावाने त्यास दोन वर्षे बंदिवासात ठेवले." भाकरी नव्हती. त्यांनी पान उलटलं. खाली खेचराचे पाय दोन देवांनी वाटून धरले होते. माझ्या पानावर एक वृद्ध सभासद पावसामुळे पोहोचू शकला नव्हता. पर्यवेक्षकांच्या चढलेल्या भुवया जरा खाली आल्या.

तेवढ्यात खालून बसम्मा म्हणाली, "भाकरीचं सांगितलंस, घंटेचं पुन्हा विसरलीस? मघाशीच आठवण केली होती मी. बुरुजात त्याला गावची घंटा ऐकू येत नव्हती. तेच जास्त टोचत होतं."

पर्यवेक्षकांचं बोट पानं उलटत मागं गेलं आणि एका ओळीवर थांबलं. माझ्याच अक्षरात होती ती. "कारावासातील उपासमारीपेक्षा आपल्या गावची घंटा ऐकू येत नाही हे त्यास अधिक टोचत असावे."

"हे?" ते म्हणाले.

मी पेनाला टोपण लावलं.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही." माझा आवाज मला चिमीसारखा वाटला. "आत्ता बोलली ती बसम्मा. तिचं आहे. पण मी ते आज ऐकून लिहिलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी ओट्यावर ऐकलं. हे दुसरं पान आहे, मी सातव्यावर आहे. तेव्हा बाळ झोपलं होतं, खाली सगळं गप्प होतं."

त्यांनी सातवं पान पाहिलं. माझ्या शेवटच्या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरवला. शाई पसरली, अंगठा निळा झाला. मग दुसरं पान काढून घंटेच्या ओळीवरून फिरवला. शाई खडखडीत वाळलेली होती.

त्यांनी रुमाल काढून अंगठा पुसला. खाली चिमी खिदळली. कोन्राडाप्पा घोड्यावरून पडला असावा.

"खोडू का?" मी विचारलं.

"मी पर्यवेक्षक आहे," ते म्हणाले. "तपासणारे कोल्हापुरात बसतात. त्यांचं ते बघतील." त्यांनी उत्तरपत्रिका बाकावर ठेवली. जाता जाता पुढच्या गृहस्थाच्या पानात डोकावले, ओठ घट्ट मिटले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. खांदे हलत होते. खोकत असतील.

दोनची घंटा झाली. मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. चिमीनं मला पाहिलं आणि तीन तासांचा सगळा हिशोब एका दमात मांडला. मी झाडाकडं तोंड करून तिला पदराखाली घेतलं. तिची मूठ माझ्या मंगळसूत्राला धरून, कानशिलं घामानं भिजलेली, आणि गुटूगुटू आवाज. मला कुठल्याही विद्यापीठाचं काही देणंघेणं उरलं नाही.

"आमचं लिवलंस का?" मुक्ताबाईचा आवाज पार बसला होता.

"एक ओळ."

"कुनाची?"

"बसम्माची."

"आन् माजी भाकर?"

"खोडली."

"खोडली? आगं, दोन वर्सं मानूस उपाशी ठिवलास?"

"और रस्सी?" शमशादनं विचारलं.

"तीही नाही."

शमशादनं ओढणीत तोंड लपवलं. बसम्मा सतरंजीची घडी करत होती. एकदा केली, मोडली, पुन्हा केली. "एवढा पेपर लिहिणारी तू," ती म्हणाली, "एकच ओळ बरी मिळाली?" पण तिनं घडी काखेत मारली ती जरीची पैठणी मारावी तशी.

टांग्याकडं निघालो तेव्हा मागून तो टक्कल पडलेला गृहस्थ धापा टाकत आला. त्यानं मुक्ताबाईला नमस्कार केला.

"मावशी, एक विचारू? ती चटणी कशाची होती? आवाज नीट आला नाही. मी जवसाची लिहिली."

"शेंगांची," मुक्ताबाई म्हणाली, आणि त्याचा पडलेला चेहरा बघून तिला दया आली. "चालंल. थंड मुलूक हाय, जवस बी खात असतील."

निकाल जूनमध्ये वर्तमानपत्रात आला. सबंध पानभर नुसते आकडे. हे ओट्यावर उकिडवे बसून बोट फिरवत होते, मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते, तिघी आमच्या दोघांवरून. "हा बघ!" हे ओरडले, आणि मी रडले, शमशादनं मला मिठी मारली, मुक्ताबाई गल्लीत धावली, "पास झाला! कोन्राडाप्पा पास झाला!" म्हणत. ह्या गडबडीत चिमी रांगत कधी आली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेजारच्या खोलीतल्या आजी काठी टेकत आल्या. "कुठंय गं नंबर? मला दाखवा," म्हणाल्या.

पानाचा तो कोपरा जाग्यावर नव्हता.

ज्या पोरीनं आठ महिने आईखेरीज कुणाच्या हातचं काही तोंडात घेतलं नव्हतं, ती गाल फुगवून, डोळे मिटून वर्तमानपत्र चघळत होती. मुक्ताबाई परत आली, तिनं चिमीच्या जबड्यात बोट घालून माझी बी.ए. बाहेर काढली, पदराला पुसली आणि आजींच्या हातावर ठेवली.

"वाचा," ती म्हणाली. "वली हाय, पन हाय."